बालवाडीच्या खोलीबाहेर: सोलापुरातील निसर्ग-उपक्रमाच्या प्रकल्प नोंदी (जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५)

१८ जून २०२४

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस, रोज सुमारे पाऊण तास, बालवाडीच्या खोलीबाहेर नेऊन झाडे, माती, किडे, पक्षी आणि पाऊस यांच्या सहवासात राहू द्यायचे, हा या प्रकल्पाचा गाभा आहे. काय घडले, काय जमले आणि काय बदलावे लागले याची नोंद बालवाडीच्या ताईंनी आणि मी मिळून ठेवायची, असे आजच्या बैठकीत ठरले.

बालवाडी सोलापूरच्या पूर्व भागात आहे. बहुतेक मुलांच्या आया घरी बसून विड्या वळतात आणि वडील यंत्रमागावर पाळीने जातात. घरांत तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी अशा चारही भाषा ऐकू येतात. घरे लहान आहेत, बोळ अरुंद आहेत, आणि मुलांच्या वाट्याला येणारी मोकळी जमीन फारच थोडी आहे.

उपक्रमासाठी जागा निवडताना शहरातील एखाद्या बागेचा विचार पुढे आला होता. मात्र बागेत जाण्यासाठी रिक्षा लागते, तिथले गवत कापलेले असते आणि हात लावण्यास बहुधा मनाई असते. त्याऐवजी बालवाडीच्या मागचा मोकळा भूखंड आम्ही निश्चित केला. तिथे एक मोठा कडुनिंब आहे, कुंपणाला लागून दोन बाभळी आहेत, रुईची झुडपे आहेत, जुन्या पायाच्या दगडांचा ढीग आहे आणि पावसाचे पाणी साचते असा काळ्या मातीचा एक खोलगट तुकडा आहे. दिसायला ही जागा ओसाड आहे. मात्र लहान मुलाच्या उंचीवरून पाहिले तर एका वर्षाला पुरून उरेल इतके काम तिथे आहे, असे माझे ठाम मत आहे. सहलीला मूल एकदाच जाते व नवलाने पाहून परतते, तर त्याच जागी पुन्हा पुन्हा गेलेले मूल कालच्या आणि आजच्यातला फरक पाहू लागते. आम्हाला हा फरक पाहणेच शिकवायचे आहे.

मुलाने एखाद्या गोष्टीचे नाव घरच्या भाषेत सांगितले तर तेच नाव वहीत लिहायचे आणि त्याला दुरुस्त करायचे नाही, हेही आजच ठरले.

२० जून

मुलांना नेण्याआधी ताईंनी आणि मी संपूर्ण भूखंड पायाखाली घातला. कुंपणाजवळ पिवळी कण्हेर आणि धोतरा आढळला; दोन्ही विषारी असल्यामुळे ती झाडे मुळासकट काढून घेतली. कोपऱ्यातला एरंड काढला, कारण त्याच्या बिया दिसायला सुंदर आणि मुलांच्या मुठीत मावणाऱ्या असतात, पण त्या चावून गिळल्यास जीवावर बेतू शकते. गाजरगवत हातमोजे घालून उपटले. रुई मात्र मुद्दाम ठेवली. तिचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून तिचे पान तोडायचे नाही, चीक लागलाच तर डोळ्याला हात न लावता लगेच ताईंकडे यायचे, हा नियम मुलांना झुडपाजवळ नेऊनच सांगायचा आहे.

दगडांच्या ढिगाविषयी अधिक चर्चा झाली. आपल्याकडे विंचू आणि घोणस या दोन्हींची शक्यता गृहीत धरूनच काम करावे लागते. त्यामुळे मुले येण्यापूर्वी एका ताईंनी काठी आपटत पूर्ण फेरी मारायची आणि दगड फक्त मोठ्या माणसानेच उलटायचा. तो उलटतानाही पलीकडची कड धरून स्वतःकडे उलटवायचा, म्हणजे खाली काही असलेच तर ते समोरच्या बाजूने दूर निघून जाते. मुलांनी त्या वेळी ताईंच्या मागे उभे राहायचे. सिव्हिल हॉस्पिटलचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावला आहे.

२२ जून

रात्री चांगला पाऊस झाला आणि सकाळी जमिनीवर मृगाचे किडे निघाले. मखमलीसारखे लालभडक, बोटाच्या नखापेक्षाही लहान असे हे जीव वर्षातला बहुतेक काळ मातीत असतात आणि पावसाच्या पहिल्या सरींनंतर थोडे दिवस वर येतात. आपण त्यांना किडे म्हणतो, पण त्यांना आठ पाय असतात आणि कोळी व विंचू यांच्याशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे.

साडेतीन वर्षांच्या एका मुलीने बोट लावताच किड्याने पाय आखडून घेतले आणि तो निपचित पडला. ती म्हणाली, “झोपला.” शेजारच्या मुलाने लगेच उत्तर दिले, “झोपला नाही, घाबरला.” मग दोघेही उकिडवे बसून वाट पाहू लागले. तिसरे मूल आले, त्याला दोघांनी हाताने थांबवले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. किड्याने प्रथम पुढचे दोन पाय बाहेर काढले, जमीन चाचपली आणि मग तो एकदम चालू लागला, तेव्हा ती मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, “आपण गप्प बसलो म्हणून तो उठला.”

एका ताईंना याच वेळी पायांची संख्या मोजून घ्यावी असे वाटत होते आणि त्यांचा हेतू चांगलाच होता. मी त्यांना उद्यापर्यंत थांबण्याची विनंती केली. मुलीने जे वाक्य उच्चारले त्यात निरीक्षण, कार्यकारणभाव आणि दुसऱ्या जीवाविषयीची काळजी या तिन्ही गोष्टी होत्या. मध्येच आकडे मोजायला लावले असते तर ते वाक्य आलेच नसते.

४ जुलै

ताईंसाठी आज अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण घेतले. मुख्य विषय होता मोठ्या माणसाने किती बोलायचे. बालवाडीत फळे, प्राणी आणि पक्षी यांचे रंगीत तक्ते आहेत. ते वाईट नाहीत, परंतु तक्त्यावरचा मोर आणि मुंगी एकाच आकाराचे असतात, दोघेही हलत नाहीत आणि दोघांचेही उत्तर आधीच ठरलेले असते. मैदानावर उत्तर आधी माहीत नसते, म्हणून तिथे प्रश्नही वेगळा विचारावा लागतो. “हे काय आहे?” या प्रश्नाला एकच शब्द उत्तर म्हणून येतो आणि तिथेच बोलणे संपते. “हे काय करत असेल?” किंवा “काल इथे असेच होते का?” असे विचारले तर मूल वाक्य बोलते. आम्ही तीन-चारच प्रश्न नक्की केले आणि बाकी वेळ ऐकण्यासाठी मोकळा ठेवला.

प्रशिक्षणाच्या शेवटी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाविषयी बोलणे झाले. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात शिंपले, बिया, काड्या, पाने आणि गारगोट्या हेच साधन होते. मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळा पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर ती थेट कुरणात नेली. आज आपण ज्याला अंगणवाडी म्हणतो त्या कल्पनेच्या मुळाशी हे मोकळे अंगण आहे, ही गोष्ट आपल्या व्यवसायातील प्रत्येकीला ठाऊक असली पाहिजे असे मला मनापासून वाटते. अंगण नसलेल्या खोलीत दिवसभर मुलांना बसवून ठेवणे हे त्या परंपरेशी सुसंगत नाही.

१६ जुलै

पालक सभा झाली. चिखलाने कपडे खराब होतात, पावसात ताप येतो, गवतात साप असतात, आणि सर्वांत मोठी तक्रार म्हणजे मुलाला शिकायला पाठवले आहे, खेळायला नाही. एका आईने फार नेमक्या शब्दांत सांगितले की शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतले तिच्या मुलाच्याच वयाचे मूल पहिली वीस अक्षरे लिहिते आणि आपला मुलगा घरी येऊन मुंग्यांच्या गोष्टी सांगतो. ही काळजी खरी आहे आणि तिला हसून उडवून लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या घरात आई दिवसाला शेकड्यांनी विड्या वळते त्या घराने शिक्षणाकडे सुटकेची वाट म्हणूनच पाहिलेले असते.

उत्तरादाखल आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे पायाभूत टप्पा मानली असून त्यात खेळ, कृती आणि परिसराचा शोध यांवरच भर दिला आहे. दुसरी गोष्ट सांगण्याऐवजी दाखवली: वहीत उतरवून घेतलेली त्यांच्याच मुलांची वाक्ये वाचून दाखवली. जे मूल जूनमध्ये एका शब्दाने उत्तर देत होते ते आता तीन वाक्यांत घटना सांगते, हे आयांच्या लगेच लक्षात आले. लिहिण्याआधी बोलणे यावे लागते आणि बोलण्यासाठी सांगण्याजोगे काहीतरी असावे लागते.

व्यवहाराच्या बाजूने असे ठरले की प्रत्येक मुलाचा एक जुना कपड्यांचा जोड बालवाडीत राहील, परत येताना हातपाय साबणाने धुतले जातील, विजा चमकत असताना बाहेर जायचे नाही आणि ज्या पालकांना शक्य असेल त्यांनी आठवड्यातून एकदा सोबत यावे.

१८ जुलै

आषाढीमुळे उपस्थिती फारच कमी होती. कडुनिंबाखाली पडलेल्या लिंबोळ्या गोळा करून पिकलेल्या व कच्च्या अशा वेगळ्या करण्याचे काम झाले.

२ ऑगस्ट

रुईच्या एका पानाखाली खसखशीच्या दाण्याएवढे पांढरट अंडे दिसले. बिबळ्या कडवा हे केशरी रंगाचे, काळ्या-पांढऱ्या टोकांच्या पंखांचे फुलपाखरू रुईवर अंडी घालते आणि त्याची अळी रुईचीच पाने खाते. रुईमधील विषारी द्रव्य अळीच्या शरीरात साठत जाते, फुलपाखरातही उतरते, आणि म्हणून पक्षी ते खाणे टाळतात. मुलांना यातले काहीही सांगितलेले नाही. त्या फांदीला लाल दोरा बांधला आणि रोज जाता-येता पाहायचे एवढेच ठरवले.

अळी बाटलीत घालून खोलीत आणावी अशी सूचना आली होती. ती मान्य केली नाही. बाटलीतली अळी पाहणे सोपे असते हे खरे, पण पान संपले तर अळी कुठे जाते, पाऊस आला तर कशाखाली बसते आणि मुंगळा जवळ आला तर काय करते, हे बाटलीत कधीच कळत नाही.

१० ऑगस्ट

अळी आता बोटाच्या दोन पेरांएवढी झाली आहे. पिवळे, काळे आणि पांढरे पट्टे, पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पाच वर्षांचा एक मुलगा तिच्या तोंडाकडे इतका जवळून पाहत होता की त्याचा श्वास पानावर लागत होता. त्याने निरीक्षण सांगितले ते असे: ती पान मधून खात नाही, कडेने खाते, वरून खाली येते आणि परत वर जाऊन सुरुवात करते. खाण्यापूर्वी तिने पानाची शीर कुरतडली होती आणि तिथून चीक गळून गेला होता, हेही त्याने दाखवले. शिरेतून चीक वाहून गेल्यावर पुढचे पान खाणे तिला सोपे जाते. ही बाब मी स्वतः इतक्या स्पष्टपणे प्रथमच पाहिली.

१४ ऑगस्ट

स्वातंत्र्यदिनाच्या साफसफाईत रुईचे ते झुडूप कोणीतरी बुंध्यापासून कापून टाकले. लाल दोरा जमिनीवर पडलेला मुलांनीच शोधून काढला. दोन मुले रडली. आम्ही समजूत घालण्याची घाई केली नाही. कापलेल्या फांद्या पाहू दिल्या, अळी कुठे गेली असेल याविषयी त्यांना बोलू दिले. “तिला पाय आहेत, ती चालत गेली असेल,” असे एकीने सांगितले आणि सर्व गट उरलेल्या झुडपांकडे वळला. दगडांच्या ढिगामागच्या रुईवर त्यांना दुसरी, लहान अळी सापडली. ती पहिलीच आहे की वेगळी, यावर दीर्घ वाद झाला. आकारावरून ती वेगळी असली पाहिजे, या निष्कर्षापर्यंत मुले स्वतः आली.

दोऱ्याऐवजी आता झुडपाजवळ पाटी लावली आहे: “येथे मुलांचा अभ्यास चालू आहे. कृपया झुडूप कापू नये.” भूखंड झाडणाऱ्या मावशींना बोलावून मुलांनी अळी दाखवली. तेव्हापासून त्या जागेवर त्यांचे आमच्यापेक्षा अधिक लक्ष असते.

२९ ऑगस्ट

त्या दुसऱ्या अळीने गेल्या आठवड्यात पानाखाली उलटे लटकून कोष केला होता. आजही कोष हिरवाच आहे. मुले रोज पाहतात, काही वेळा कंटाळतातही, आणि कंटाळू देणे योग्य आहे.

३ सप्टेंबर

कोष पारदर्शक होऊन आतले केशरी पंख दिसू लागले आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास फुलपाखरू बाहेर आले. पंख चुरगळलेले होते; ते भरून ताठ होईपर्यंत मुले बसून राहिली. एका मुलाने पंख सरळ करण्यासाठी हात पुढे केला, तेव्हा मृगाच्या किड्याजवळ बसलेल्या त्याच मुलीने त्याला थांबवले.

१८ सप्टेंबर

वाऱ्याने बाभळीवरून सुगरणीचे एक घरटे खाली पडले. ते रिकामे होते, म्हणून खोलीत आणले. आज एका मुलीचे वडील रात्रपाळी संपवून तिला सोडायला आले होते; ते यंत्रमागावर काम करतात. घरटे त्यांनी हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि गवताची एक पाती नखाने सैल करून ती कुठून आत शिरली आणि कुठे बाहेर आली हे मुलांना दाखवू लागले. पुढचा अर्धा तास त्यांनीच घेतला. मुलांना त्यांनी गाठ आणि गुंफण यांतला फरक दाखवला, सोबत आणलेल्या सुताच्या दोन धाग्यांनी तो करूनही दाखवला आणि मग मुलांनी ओल्या गवताच्या पात्या एकमेकींत अडकवून पाहिल्या.

मी फक्त एवढीच भर घातली की घरटे नर विणतो, अर्धवट झाल्यावर मादी येऊन ते तपासते आणि तिला पसंत पडले तरच ते पुढे पूर्ण होते. वडिलांना ही गोष्ट फार आवडली. पालकांच्या हातातले कौशल्य बालवाडीत अशा वाटेने आले तर ते मुलासमोर शिक्षक म्हणून उभे राहतात. सभेत बोलावून भाषण ऐकवण्यापेक्षा या अर्ध्या तासाचे मोल मला अधिक वाटते.

९ ऑक्टोबर

रब्बीची पेरणी सुरू आहे, म्हणून भूखंडाच्या खोलगट भागात मुलांसोबत ज्वारी पेरली. बी एका मुलाच्या आजोबांनी मंगळवेढ्याहून आणलेल्या मालदांडी या ज्वारीच्या वाणाचे आहे. प्रत्येक मुलाने बोटाने खळगा करून त्यात बी टाकले.

पेरण्याआधी माती हाताळण्याला बराच वेळ दिला. ओल्या काळ्या मातीचा गोळा होतो, त्याची वळी होते, वळीचे कडेही मोडत नाही. रस्त्याकडेच्या मुरमाचा गोळा मात्र फुटतो. मातीत पांढरे चुनखडीचे खडे सापडले. ते धुऊन त्यांवर लिंबाचा रस टाकला असता बारीक बुडबुडे आले, आणि खडा कानाजवळ नेला तर अगदी हलका फसफस आवाज ऐकू आला. साध्या काळ्या दगडावर रस टाकला तर असे काही होत नाही. मुलांनी मग आवारातला जवळपास प्रत्येक दगड लिंबाने तपासला; लिंबे संपल्यावर काम थांबले.

ज्वारीचे कोवळे पान चावायचे नाही, हा नियम पेरतानाच सांगितला. कोवळ्या ज्वारीत विषारी घटक असतो आणि ती खाल्ल्याने जनावरे दगावतात, हे शेतकऱ्यांच्या घरांत सर्वांना ठाऊक असते, शहरातल्या घरांत मात्र ते विसरले गेले आहे.

२८ नोव्हेंबर

मोठ्या गटातील मुलांना, म्हणजे पाच वर्षे पूर्ण झालेल्यांना, पालकांसह बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या माळावर नेले. १९७९ मध्ये जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्याचा हा भाग आहे. माळढोक आता इतका दुर्मीळ झाला आहे की तो दिसेल अशी आशा मुलांना दाखवणे प्रामाणिकपणाचे ठरले नसते, म्हणून निघण्यापूर्वीच सांगितले होते की आपण गवत पाहायला जात आहोत.

काळवीट दुरून दिसले आणि पालक मोबाईल काढून उभे राहिले. मुलांचे लक्ष मात्र वाटेजवळच्या लेंड्यांच्या ढिगाकडे होते. काळविटाचा नर आपल्या हद्दीत एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. काही ओल्या व काळ्या, काही सुकून करड्या झालेल्या, तळाशी भुकटी झालेली. कोणत्या आजच्या आणि कोणत्या जुन्या हे मुलांनी न सांगता ओळखले.

खरा शोध मोज्यांत लागला. एका मुलीच्या मोज्यात कुसळी गवताची कुसळे शिरली आणि टोचू लागली. ताईंनी ती काढून तिच्या तळहातावर ठेवली व त्यावर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले. पीळ भरलेले ते लांब कुसळ हळूच हलले आणि मग तळहातावर गोल फिरू लागले. मुलीने किंचाळून हात झटकला आणि लगेच पुन्हा मागितले. ओलावा मिळाला की पीळ सुटतो, सुकले की पुन्हा भरतो आणि या फिरण्यामुळे टोकाचे बी जमिनीत घुसते. थोड्याच वेळात प्रत्येक मुलाच्या ओल्या तळहातावर एकेक कुसळ फिरत होते. एका मुलाने ते भुसभुशीत मातीवर उभे धरून पाणी टाकले आणि टोक आत जाते का ते पाहत तो तिथेच बसून राहिला. बसमध्ये चढवण्यासाठी त्याला अखेर उचलून आणावे लागले.

तीन-चार वर्षांच्या मुलांना या प्रवासाला न नेण्याचा निर्णय योग्य होता. त्यांच्यासाठी कुसळे कागदी पिशवीतून आणली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलांनीच ती लहानांच्या हातावर फिरवून दाखवली.

३१ डिसेंबर

काल वेळा अमावस्या होती, म्हणजे शेतात कोपी उभारून पूजा करण्याचा आणि तिथेच जेवण्याचा सण. ज्या मुलांचे आजोळ अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापुरात आहे ती शेतावर जाऊन आली. कडब्याची कोपी (लहान झोपडी), चुना लावलेले पाच दगड आणि भज्जी, उंडे, आंबील या पदार्थांविषयी आज इतके बोलणे झाले की दुसरा उपक्रम घेतलाच नाही. ज्यांना शेत नाही त्या मुलांनी आपल्या ज्वारीजवळ काड्यांची लहान कोपी उभी केली. आपल्या ज्वारीची ताटे त्यांच्या खांद्यापर्यंत आली आहेत आणि पाऊस थांबून इतके दिवस झाले तरी ती हिरवी आहेत. “हिला पाणी कोण घालते?” हा प्रश्न एका मुलाने विचारला. त्याचे उत्तर आम्ही दिले नाही, जानेवारीसाठी राखून ठेवले.

१० जानेवारी २०२५

काळ्या मातीला भेगा पडल्या आहेत. ही माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. पेरलेल्या तुकड्याच्या कडेला हाताचा पंजा उभा जाईल एवढ्या भेगा आहेत. मुलांनी भेगेत काडी सोडली, ती पूर्ण आत गेली. मग लांब काडी आणली. शेवटी सुतळीला खडा बांधून सोडला व जिथे सुतळी सैल पडली तिथे गाठ मारली. निरनिराळ्या भेगांच्या सुतळ्या भिंतीवर शेजारी शेजारी टांगल्या आहेत, आणि कोणती भेग अधिक खोल हे मुले आकडे न वापरता अचूक सांगतात. मोजमापाचा पाया म्हणून यापेक्षा चांगला पाठ मला माहीत नाही.

भेगेच्या आत हात घातलेल्या मुलीने सांगितले की वर गरम आहे आणि खाली गार आहे. ताईंनी खुरप्याने थोडी माती काढली. वीतभर खालची माती दाबल्यावर अजून चिकटत होती. डिसेंबरमधील प्रश्न विचारणाऱ्या मुलाला बोलावले. त्याने ती माती बोटांत दाबली, ज्वारीच्या ताटाकडे पाहिले आणि म्हणाला, “हिने पाऊस खाली ठेवलाय.” वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात रब्बीची ज्वारी कशी तगते, याचे स्पष्टीकरण त्याने आपल्या शब्दांत पूर्ण दिले होते.

पुढच्या आठवड्यात सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असल्याने सुटी राहील.

२३ जानेवारी

बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी बालवाडीला भेट दिली. त्यांनी प्रत्येक उपक्रमाअखेर छापील स्वाध्यायपत्रिका असावी, म्हणजे प्रगती मोजता येईल, अशी शिफारस केली. प्रगती मोजली पाहिजे याबद्दल दुमत नाही. परंतु ज्या मुलाने शिरेतून चीक गळताना पाहिला त्याने फुलपाखराच्या चित्रात रंग भरला की नाही, यावरून त्याच्याविषयी काहीच कळत नाही. आम्ही त्यांना जून आणि जानेवारीतल्या नोंदी शेजारी ठेवून दाखवल्या: वाक्याची लांबी, “कारण” आणि “म्हणून” यांचा वापर, दुसऱ्याचे मत खोडताना दिलेला पुरावा, एका गोष्टीपाशी टिकून राहण्याचा वेळ. दर महिन्याला प्रत्येक मुलाच्या या चार बाबी लिहायच्या, या तडजोडीला त्यांनी संमती दिली. ताईंचे लेखनकाम त्यामुळे वाढेल, म्हणून मदतनीस ताईंना मैदानावर अधिक वेळ देण्याची व्यवस्था केली आहे.

१२ फेब्रुवारी

ऊन तापू लागले आहे. मार्चपासून मैदानाची वेळ सकाळी साडेसात ते सव्वाआठ राहील. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असताना मुलांना उन्हात नेले जाणार नाही. कडुनिंबाच्या सावलीतील कामे, पक्ष्यांसाठी मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवणे आणि भांडे रोज घासून भरणे एवढेच होईल. कडुनिंबाची पानगळ सुरू आहे, पुढे पालवी आणि मोहोर येईल. त्याच्या एका फांदीचे चित्र दर आठवड्याला मुलांनी काढायचे आहे. ज्वारीच्या कणसांवर चिमण्या येऊ लागल्या आहेत. त्यांना हाकलायचे की नाही, यावर मुलांमध्ये दोन गट पडले असून निर्णय त्यांच्यावरच सोपवला आहे.

जवळच्या दोन बालवाड्यांच्या ताई सोमवार, १७ फेब्रुवारीपासून आमच्याकडे पाहायला येणार आहेत. त्यांच्या आवारात झाड नाही, फक्त फरशीच्या फटींत उगवलेले गवत आणि गटाराकडेची घाणेरी आहे, असे त्यांनी काळजीने कळवले. मी जाऊन पाहिले: फटींत मुंग्यांची तीन वारुळे आहेत आणि घाणेरीवर दोन जातींची फुलपाखरे बसत होती. सुरुवात करण्यास एवढे पुरेसे आहे; फक्त घाणेरीची हिरवी फळे तोंडात घालायची नाहीत, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा लागेल. भेटीच्या काळात त्या ताईंनी मुलांना काहीही न विचारता त्यांच्या मागे उभे राहून ऐकावे आणि ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी लिहून घ्यावीत, अशी विनंती त्यांना पत्राने केली आहे.